उतरवून घेणे आणि सुधारणे

जुन्या व्हिडिओ तबकड्यांवरचा, म्हणजे लेझरडिस्कवरचा, सराउंड ध्वनी संगणकावर उतरवून घेणे हा उद्योग प्रथमदर्शनी हौशी तंत्रज्ञांच्या खात्यात जमा करावा असाच वाटतो. साहित्य आणि समीक्षा यांची चर्चा जिथे चालते तिथे त्याचे काय काम, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्त म्हणावा लागेल. माझे म्हणणे असे की या उद्योगात पडणाऱ्या माणसाला जे निर्णय घ्यावे लागतात ते बव्हंशी पाठचिकित्सेतले निर्णय असतात आणि ते चुकीचे घेतले जाऊ लागले तर चित्रपट या कलेचा एक फार मोठा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत, खरे तर कानांदेखत, नाहीसा होईल. (ध्वनी हा शब्द इथे आनंदवर्धनाच्या अर्थाने घेऊ नये, साधा, कानाला ऐकू येणारा ध्वनीच अभिप्रेत आहे. मात्र व्यंग्यार्थ अगदीच नाही असेही नाही, ते पुढे येईल.)

ही तबकडी आपल्याकडे घराघरांत कधी पोचलीच नाही. आपण व्हीएचएस कॅसेटवरून थेट व्हीसीडीवर उडी मारली. त्यामुळे थोडी ओळख करून देणे भाग आहे. अमेरिकेत डिसेंबर १९७८ मध्ये ती विक्रीला आली. आरंभीच्या चित्रपटांत स्पीलबर्गचा 'जॉज' होता. व्यास तीस सेंटीमीटर, म्हणजे ग्रामोफोनच्या एलपीएवढा, आणि अंग आरशासारखे लखलखीत. एका बाजूवर जास्तीत जास्त तासाभराचे चित्र मावते, तेव्हा दोन तासांच्या चित्रपटात मध्येच उठून तबकडी उलटावी लागे. लेझरने वाचली जाते म्हणून ती डिजिटल असावी असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. तिच्यावरचे चित्र अ‍ॅनलॉगच आहे, पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खळग्यांच्या कमीअधिक लांबीत आणि अंतरात भरलेले.

ध्वनीची गोष्ट अधिक रंजक आहे. प्रारंभी दोन अ‍ॅनलॉग ध्वनिमार्ग होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्या जोडीला सीडीच्याच दर्जाचा डिजिटल ध्वनी, चित्राच्या लहरींखाली मोकळ्या राहिलेल्या पट्ट्यात बसवण्यात आला. १९९५ साली डॉल्बी कंपनीचा सहा मार्गांचा एसी-३ ध्वनी आला तेव्हा नवी जागा शिल्लकच नव्हती. मग उजव्या अ‍ॅनलॉग मार्गाची जागा त्याला देण्यात आली. 'क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर' ही अशी पहिली तबकडी. १९९७ मध्ये 'ज्युरासिक पार्क'पासून डीटीएस ध्वनी आला, त्याने सीडी दर्जाच्या डिजिटल ध्वनीलाच बाहेर काढून त्याची जागा बळकावली. जुन्या पोथीच्या समासात, मग दोन ओळींच्या मधल्या जागेत, मग खरवडलेल्या ओळीवर पुढच्या पिढ्यांनी लिहीत जावे तसा हा प्रकार आहे. एकाच आकाराच्या तबकडीत तीनचार पिढ्यांचे ध्वनिविचार दाटीवाटीने नांदतात, आणि कोणती तबकडी कोणत्या साली निघाली हे ठाऊक असल्याशिवाय तिच्यात काय ऐकायचे हेही कळत नाही.

आता उतरवून घेण्याकडे. त्यातला सर्वांत नाजूक भाग मला सहा मार्गांचा वाटत नाही, त्याआधीचा दोन मार्गांचा वाटतो. १९७०च्या दशकाच्या मध्यावर डॉल्बीने चित्रपटगृहांसाठी जी पद्धत आणली तिच्यात फितीवर दोनच मार्ग असत, पण ऐकू येत चार: डावा, उजवा, मधला आणि प्रेक्षकांच्या मागचा. १९७७च्या 'स्टार वॉर्स'ने ती जगभर पोचवली आणि १९८२ पासून तीच पद्धत घरगुती रूपात आली. युक्ती अशी की मधला आवाज डाव्याउजव्या दोन्ही मार्गांत सारखा मिसळायचा. मागचा आवाजही दोन्हींत मिसळायचा, पण एकात सुलटा आणि दुसऱ्यात उलटा, म्हणजे एकीकडे लहर वर जात असेल तेव्हा दुसरीकडे ती खाली जाईल असा. मागच्या मार्गाचा पल्लाही आखडता घेतलेला, सुमारे सात हजार हर्ट्झपर्यंतच. ऐकणाऱ्याकडच्या यंत्राने दोन्ही मार्गांची तुलना करायची: जे सारखे ते पुढे मध्यभागी पाठवायचे, जे परस्परविरुद्ध ते मागे.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा श्लेष आहे. शब्द तेवढेच, अर्थ दोन. ज्याच्याकडे उलगडण्याचे साधन नाही त्याला साधा स्टिरिओ ऐकू येतो आणि त्याचे काही अडत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या पाठीमागे पाऊस पडू लागतो. श्लेषाचे भाषांतर करताना काय होते हे भाषांतरकारांना सांगायला नको. नेमके तेच इथे होते. हा ध्वनी कमी दराच्या एमपीथ्रीमध्ये आवळला की ती प्रक्रिया 'दोन्ही मार्गांत जवळपास सारखेच तर आहे' असे ठरवून डाव्याउजव्यातला सूक्ष्म फरक जागा वाचवण्यासाठी सैल करते. साध्या स्टिरिओच्या श्रोत्याला काहीच जाणवत नाही. पण मागचा पाऊस त्या फरकातच होता. पुढे कुणी ती फाइल कितीही भारी यंत्रातून उलगडली तरी मागून येतो तो फसफसणारा, पाण्यात बुडाल्यासारखा आवाज. म्हणजे वाच्यार्थ सुखरूप पोचला आणि व्यंग्यार्थ वाटेत सांडला. आनंदवर्धन एवढ्यापुरता येऊन गेला.

डीटीएसच्या तबकडीचा धोका उलट्या जातीचा आहे. तिथला सहा मार्गांचा आवळलेला ध्वनी सीडीच्या ध्वनीचे सोंग घेऊन वावरतो: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा. तबकडीच्या यंत्रातून ऑप्टिकल केबलने तो संगणकाच्या साउंड कार्डात घ्यायचा, एवढेच काम. पण वाटेत कुणी आवाजाची पातळी एका डेसिबलने जरी वरखाली केली, किंवा कार्डाने आपल्या सवयीने ४४,१०० चे ४८,००० नमुने करून ठेवले (पूर्वीची स्वस्त कार्डे हे न विचारता करीत), तर सोंगाखालचा माणूस मरतो. हाती उरतो नुसता खरखराट. मला हे अपयश प्रामाणिक वाटते. दोन मार्गांचा श्लेष बिघडला तर कुणाला कळत नाही. डीटीएस बिघडले तर सगळ्यांनाच कळते आणि माणूस काम पुन्हा करतो. एसी-३ची कथा या दोहोंच्या मधली. तो २.८८ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर स्वार होऊन तबकडीवर बसलेला असतो, आणि तो बाहेर काढायला यंत्राला खास जोड हवी, तिच्यापुढे तो संकेत सोडवणारा वेगळा डबा हवा. दोन्ही मिळाले की सेकंदाला ३८४ किलोबिटांचा प्रवाह जसाच्या तसा हाती लागतो. नसतील आणि नेहमीच्या यंत्रावर उजवा अ‍ॅनलॉग मार्ग ऐकला तर कानावर येते ती निव्वळ शीळभरली खरखर.

इथे आपल्या भागातल्या वाचकांसाठी एक तपशील. आपली दूरचित्रवाणी पाल पद्धतीची, सेकंदाला पंचवीस चौकटींची. पाल पद्धतीच्या तबकड्यांवर चोवीस चौकटींचा चित्रपट पंचवीसच्या वेगाने पळवलेला असतो. तो सुमारे चार टक्के लवकर संपतो आणि त्याचा स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढतो. संगीताचा कान असलेल्याला हे सहन होऊ नये. शिवाय त्या पद्धतीत एसी-३साठी जागाच नव्हती. तेव्हा सराउंड उतरवायचा तर अमेरिकी किंवा जपानी तबकडीच हवी.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. ध्वनी संगणकात आला. आता त्याचे काय करायचे? बहुतेकांची पहिली प्रेरणा सुधारण्याची असते. दोन मार्गांचा आहे ना, मग सहाचा करू. खरखर आहे, पुसून टाकू. आवाज बारीक वाटतो, चढवू. मंद्र स्वर कमी आहेत, थोडे घालू. आजच्या आज्ञावलींना हे सगळे क्षणात जमते आणि निष्पन्न होणारी फाइल अनेकदा ऐकायला खरोखरच सुखद असते. हरकत तिच्या सुखदपणाला नाही. हरकत याला आहे की तीच एकमेव फाइल म्हणून ठेवली जाते, तिलाच 'मूळ सराउंड' असे नाव पडते आणि न सुधारलेली प्रत जागा अडवते म्हणून पुसली जाते. चार मार्ग उलगडून सहा केलेल्या ध्वनीत कोणता आवाज ध्वनिसंयोजकाने मागे ठेवला आणि कोणता आज्ञावलीने अंदाजाने मागे ढकलला, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही. प्रक्षेप कोणता आणि मूळ कोणते हे ओळखण्याची वाटच बंद होते.

आपल्याकडे पोथ्या उतरवणाऱ्या लेखनिकांची शेवटी एक विनंती लिहायची रीत होती. जसे पाहिले तसे लिहिले आहे, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये, अशा आशयाची. तिच्यात नम्रता आहे, आळसही असेल. पण नंतरच्या संशोधकाला तोच लेखनिक उपयोगी पडतो. ज्याला संस्कृत उत्तम येत होते आणि जो लिहिता लिहिता व्याकरण दुरुस्त करीत गेला, त्याची पोथी वाचायला सुबक असते. पुरावा म्हणून मात्र ती संशयास्पद ठरते.

सुधारण्याचा हा मोह केवळ हौशी लोकांचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. चित्रपटांचे मालक त्याहून पुढे गेलेले आहेत. 'जॉज'ला १९७५च्या उत्कृष्ट ध्वनीचे ऑस्कर मिळाले ते त्याच्या एकमार्गी ध्वनिसंयोजनासाठी. पंचवीस वर्षांनी, २००० साली, त्याची डीव्हीडी निघाली ती नव्या सहा मार्गांच्या ध्वनीसह, काही आवाज बदलून. आणि ज्याला पारितोषिक मिळाले होते तो ध्वनी तिच्यात नव्हताच. पुढच्या आवृत्त्यांत तो परत आला हे खरे. पण मधल्या काळात तो ऐकायचा तर जुनी तबकडी किंवा कॅसेट एवढाच मार्ग होता. हिचकॉकच्या १९५८च्या 'व्हर्टिगो'चे १९९६ मध्ये पुनरुज्जीवन झाले तेव्हा पावलांपासून बंदुकीच्या बारांपर्यंतचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. तिथे निदान कारण होते. संगीत स्टिरिओत उपलब्ध होते आणि बाकीच्या आवाजांच्या स्वतंत्र फिती उरल्या नव्हत्या. 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा लोकांनी वाद घातला तो रंगांवरून. नौशादांच्या संगीतातला वाद्यमेळ सहा मार्गांसाठी नव्याने वाजवून घेतला होता आणि त्यावर जुने कंठ बसवले होते, याविषयी मी फारशी कुरकूर ऐकली नाही. डोळ्यांचे हक्क आपण सांगतो, कानांचे सांगत नाही. 'मधुबालाच्या ओढणीचा रंग त्यांनी ठरवायचा कुणी?' असे विचारणारा रसिक 'सारंगीच्या मागची ती खोली कुठे गेली?' असे विचारत नाही.

'स्टार वॉर्स'चे उदाहरण तर आता दंतकथेसारखे झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत १९८९ साली, सूचीच्या पहिल्याच वर्षी, ज्या चित्रपटाची निवड झाली, त्याचे मूळ रूप दिग्दर्शकाने १९९७ पासून मागे घेतले आणि बदललेले रूप पुढे केले. मूळ रूप घरी पाहायचे तर जुन्या तबकड्या किंवा कॅसेट यांवाचून गत्यंतर नव्हते. २००६ मध्ये मालकांनी ते डीव्हीडीवर दिले खरे, पण पुरवणी म्हणून, आणि तेही लेझरडिस्कसाठी केलेल्या त्याच जुन्या मुद्रणावरून. म्हणजे ज्यांच्या तिजोरीत मूळ फिती आहेत त्यांनीही व्हिडिओ तबकडीची नक्कलच लोकांना विकली. जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची जुनी प्रत पडद्यावर दाखवली तेव्हा ती जागतिक बातमी झाली. एखाद्या कादंबरीची पहिली आवृत्ती ग्रंथालयात वाचायला मिळाली, याची बातमी होईल का?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लेझरडिस्कवरचा ध्वनी तरी मूळ कुठे आहे? तीही एक घरगुती आवृत्तीच. 'अपोकॅलिप्स नाऊ' १९७९ मध्ये सत्तर मिलिमीटरच्या प्रतीवर दाखवला गेला तेव्हा मागचे ध्वनिमार्ग दोन होते, डावीकडचा आणि उजवीकडचा. हेलिकॉप्टर प्रेक्षागृहाभोवती फिरत असे. दोन मार्गांच्या तबकडीवर तो मागचा आवाज एकच झाला, आणि फिरणे गेले. ज्या 'स्टार वॉर्स'साठी लोक हळहळतात त्याचाही ध्वनी १९७७ मध्येच सत्तर मिलिमीटर, पस्तीस मिलिमीटर स्टिरिओ आणि एकमार्गी अशा तीन निरनिराळ्या संयोजनांत चित्रपटगृहांत गेला होता. मग तबकडीला एवढे पवित्र का मानायचे?

मानूच नये. इथेच पाठचिकित्सेची शिस्त कामाला येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ मध्ये पुरे झाले. सुकथनकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी व्यासांची स्वहस्ताक्षरातली प्रत सापडल्याचा दावा कधी केला नाही. देशभरातून, निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या जमवायच्या, त्या श्लोकाश्लोकाने ताडून पाहायच्या, आणि जे पाठ मुख्य संहितेत घेतले नाहीत तेही पानाच्या तळाशी नोंदवायचे, ही ती पद्धत. या पद्धतीत एकही पोथी पवित्र नसते, आणि म्हणूनच एकही टाकाऊ नसते. लेझरडिस्क ही अशी एक साक्षीदार पोथी आहे. कोणत्या साली, कोणत्या प्रेक्षकासाठी, कोणत्या मर्यादांत तो ध्वनी बांधला गेला हे ती सांगते. ती 'मूळ' नाही म्हणून फेकून देणे आणि ती 'मूळ'च आहे म्हणून डोक्यावर घेणे, दोन्ही चूक.

साक्षीदार हाताशी ठेवला नाही तर काय होते याचे उदाहरण डिस्नेच्या 'फँटेशिया'इतके बोलके दुसरे मला माहीत नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कला तो प्रदर्शित झाला तेव्हा त्याचा ध्वनी चित्रफितीवर नव्हताच. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे, स्टोकोव्स्कीने संचालित केलेले ते संगीत एका वेगळ्या फितीवर होते, तीन ध्वनिमार्ग आणि त्यांना हुकूम देणारा चौथा मार्ग अशा रचनेत, आणि ती फीत चित्राबरोबर जोडीने पळवली जाई. सराउंड ध्वनीचा चित्रपटगृहातला हा आद्य अवतार. ही यंत्रणा इतकी महाग होती की मोजक्याच ठिकाणी ती बसवता आली. पुढे तो चित्रपट साध्या एकमार्गी ध्वनीत फिरला. १९५५च्या सुमारास मूळ ध्वनिफिती बिघडू लागल्या आहेत असे ध्यानात आले आणि त्या चुंबकीय फितीवर उतरवून घेण्याचे ठरले. अडचण अशी की जुना ध्वनी वाजवू शकणारी उरलीसुरली यंत्रणा डिस्नेच्या स्टुडिओत, आणि चुंबकीय फितीवर घेणारी यंत्रे हॉलीवूडला आरसीए कंपनीच्या केंद्रात. मग काय केले? संपूर्ण ध्वनी दूरध्वनीच्या तारांवरून पाठवला! बाखपासून शुबर्टपर्यंत सगळी मंडळी टेलिफोनच्या तारेतून गेली.

हा प्रकार आज हास्यास्पद वाटेल, पण मी त्या तंत्रज्ञांना मनोमन नमस्कार करतो. त्यांनी जे मिळाले ते, जसे मिळाले तसे, मार्ग वेगवेगळे ठेवून उतरवून घेतले. १९८२ मध्ये स्टुडिओने ठरवले की हा जुनाट आवाज आता नको, आणि अर्विन कॉस्टल यांच्या संचालनाखाली सगळे संगीत डिजिटल पद्धतीने नव्याने ध्वनिमुद्रित करून चित्रावर बसवले. ध्वनी स्वच्छ झाला आणि चित्रपटातून स्टोकोव्स्की गेला. ज्याच्या हाताच्या हालचालींवर चित्रे बेतली होती तो हातच काढून घेतला. १९९० मध्ये पश्चात्ताप होऊन (हा माझा शब्द) त्याला परत आणले, तेव्हा आधार होता तो टेलिफोनच्या तारेतून आलेल्या १९५५च्या प्रतीचाच. तिच्यातले खुटखुट आणि सूं आवाज हाताने वेचून काढावे लागले. वेचायला ते शिल्लक होते, कारण मधल्या कुणी त्यांवर बोळा फिरवला नव्हता.

लेझरडिस्कच्या बाबतीत १९५५ साल आत्ता चालू आहे. अमेरिकेत नव्या तबकड्या येणे २०००च्या आसपास थांबले. तबकडी वाजवणाऱ्या यंत्रांचे उत्पादन पायोनिअर कंपनीने २००९ मध्ये बंद केले. म्हणजे जगात जी यंत्रे आहेत ती जुनी, आणि त्यांचे लेझर गेले की बहुधा दुसऱ्या मृत यंत्रातून काढून बसवायचे. तबकड्यांचे स्वतःचेही आयुष्य अनिश्चित. दोन अर्धुके डिंकाने चिकटवून ती बनवलेली असते. ॲक्रिलिकमधून ओल शिरते, ॲल्युमिनियमचा पातळ थर गंजतो, आणि चित्रावर ठिपक्यांची रांगोळी उमटू लागते. चित्रातले ठिपके डोळा माफ करतो. एसी-३चा किंवा डीटीएसचा प्रवाह तुटला की थेट शांतता.

यावर अलीकडच्या काही वर्षांत हौशी संगणककारांनी काढलेला मार्ग मला तत्त्व म्हणूनही आवडतो. तबकडीच्या यंत्राने अर्थ लावण्याआधीच, लेझरने वाचलेला कच्चा संकेत मधूनच टिपायचा: सेकंदाला चार कोटी नमुने, प्रत्येकी दहा बिटांचे. मग चित्र, अ‍ॅनलॉग ध्वनी, सीडी दर्जाचा ध्वनी, एसी-३, सगळे त्या कच्च्या नोंदीतून संगणकावर, सवडीने सोडवायचे. हिशेब मांडला तर हे सेकंदाला पाच कोटी बाइट होतात. तासाभराच्या एका बाजूला १८० गिगाबाइट. उधळपट्टी वाटेल. पण पोथीचा मजकूर टंकून घेणे आणि पोथीच्या पानांची छायाचित्रे घेणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे: उद्या अधिक हुशार आज्ञावली निघाली तर तिला तबकडी लागणार नाही, ही नोंद पुरेल. ज्याला एवढे झेपत नाही त्याने किमान बिट न हलवता ऑप्टिकल केबलने घेतलेली प्रत न आवळता, किंवा काहीच न गमावता आवळणाऱ्या पद्धतीने, ठेवावी; आणि मग सुधारणेची हौस दुसऱ्या प्रतीवर खुशाल भागवावी.

कायद्याचा विषय टाळून चालणार नाही, पण त्यावर फार वेळही घालवायला नको. लेझरडिस्कवर डीव्हीडीसारखे सांकेतिक कुलूप नव्हते, तेव्हा कुलूप फोडण्याचा प्रश्न येत नाही. आपल्या १९५७च्या कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी, समीक्षेसाठी केलेल्या रास्त वापराची सवलत चित्रपटालाही लागू आहे. स्वतःच्या तबकडीवरून स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवलेला ध्वनी तिच्यात बसतो असे माझे वाचन आहे. तो चार जणांना वाटणे ही वेगळी गोष्ट, आणि इथे कायदा व समीक्षा यांची गाठ सुटत नाही: जो पुरावा दुसऱ्याला दाखवता येत नाही त्यावर वाद कसा घालायचा? चित्रपट प्रकाशनानंतर साठ वर्षांनी मुक्त होतो. 'अपोकॅलिप्स नाऊ' आपल्याकडे २०४०च्या आधी मुक्त होणार नाही. तोवर तबकडीवरचे ॲल्युमिनियम थांबेल याची हमी कोण देणार? मालकांनी जुनी संयोजने नव्या आवृत्तीत एका कोपऱ्यात जरी दिली तरी हा सगळा खटाटोप अनावश्यक ठरेल. दोन मार्गांच्या ध्वनीला आजच्या तबकडीवर लागणारी जागा नगण्य असते. काही प्रकाशक देतातही, आणि त्यांचे मोठ्याने कौतुक व्हायला हवे. जे देत नाहीत त्यांना 'ध्वनी उत्तम आहे' असे मोघम प्रशस्तिपत्र देणारे परीक्षणकार मात्र निष्काळजी आहेत असे मी म्हणेन. कोणता ध्वनी, कोणत्या सालचा, हे न सांगता केलेले परीक्षण म्हणजे कोणत्या आवृत्तीवरून वाचले ते न सांगता तुकारामावर लिहिलेला लेख.

उतरवून घेणाऱ्याने फाइलशेजारी एक साधा मजकूर ठेवावा: तबकडीचा क्रमांक, देश, साल, बाजू, कोणता ध्वनिमार्ग, कोणते यंत्र, कोणती जोडणी, आणि बाजू बदलताना दोन तुकडे कुठे सांधले. सांध्यापाशी पुष्कळदा काही चौकटी दोन्ही बाजूंवर असतात किंवा एखाददुसरी गळते. ती जागा गुळगुळीत करण्यापेक्षा नोंदवणे बरे. आणि तबकडी गंजलेली असेल तर तीच तबकडी आणखी कुणाकडे आहे का ते शोधावे. गंज प्रत्येक प्रतीत निराळ्या जागी धरतो. कच्च्या नोंदींच्या पद्धतीत एकाच तबकडीच्या तीनचार प्रतींवरून घेतलेली चित्रे एकमेकांवर ठेवून एकीतले भोक दुसरीने भरून काढण्याचे काम आता संगणक करतो. ध्वनीच्या बाबतीत ते पुष्कळसे कानाने आणि हाताने करावे लागते: पहिल्या प्रतीत एकेचाळिसाव्या मिनिटाला तुटलेला तुकडा दुसऱ्या प्रतीतून घ्यायचा, दुसरीत तो शाबूत नसेल तर तिसरीतून, आणि कुठलाच शाबूत नसेल तर तिथे शांतता तशीच ठेवून तिची लांबी लिहून ठेवायची.